धुरेवरचं वजन

अमेरिकेत, चँडलर गावातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरात वजनकाटा नव्हता. आईला त्याची गरज नव्हती. मुठीनं आणि वाटीनं तिचं सगळं बरोबर यायचं. काटा होता तो गॅरेजमध्ये, छताच्या आडव्या लाकडाला दोरीनं टांगलेला. हुकाचा, स्प्रिंगचा, घड्याळासारखी तबकडी असलेला. भारतात जायचं ठरलं की महिनाभर आधीपासून त्याच्याखाली बॅगा लागायच्या. तेव्हा माणशी दोन बॅगा आणि दर बॅगेला सत्तर पौंड मिळत. बाबा बॅग उचलून हुकाला अडकवायचे, सुई थरथरत थांबेपर्यंत आम्ही सगळे गप्प, आणि मग आकडा मोठ्यानं वाचायचं काम माझं. एकाहत्तर आला की आई शांपूची एक बाटली काढायची. एकोणसत्तर आला की तिचा चेहरा उजळायचा आणि बदामांची एक पिशवी कोपऱ्यात सरकायची. विमानतळावर आमच्या सहाही बॅगांना सत्तरचा आकडा दिसला की बाबा माझ्याकडे बघून एक भुवई उचलायचे. वजन या विषयात आपल्याला कोणी काही शिकवावं असं आम्हाला वाटत नव्हतं. हे प्रकरण लिहावं लागतंय ते त्यामुळेच.

याद्या करायची सवय मला त्या काट्याखाली लागली. बॅग एक, बॅग दोन, कोणत्या बॅगेत काय, कोणासाठी काय. बाबा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते आणि नीट मांडलेल्या कोष्टकापुढे ते देवापुढे व्हावं तसे नम्र व्हायचे. मी चौदा वर्षांची होईपर्यंत घरातल्या सगळ्या याद्या माझ्याकडे आल्या होत्या. आज पन्नाशी ओलांडल्यावरही माझ्या फ्रिजवर, गाडीत आणि फोनमध्ये मिळून नऊ याद्या आहेत. नवरा म्हणतो, दहावी यादी या नऊ याद्यांची असेल. ती आहे.

ट्रेलर आम्ही डेलकडून घेतला. डेल दोन घरं सोडून राहायचा, एकटा, सत्तरीचा, शब्द मोजून वापरणारा. गुडघे दुखायला लागल्यावर त्यानं फिरणं सोडलं आणि त्याचा तो पांढरा, पोटावर तपकिरी पट्टा असलेला ट्रेलर आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. पुढच्या टोकाला पलंग, मधे टेबल आणि बाकं, मागच्या टोकाला स्वयंपाकाचा ओटा. चाकांवरचं अख्खं घर! आई त्याची सगळी कपाटं उघडून बघत होती आणि दर कपाटाला "अगंबाई" म्हणत होती. चार रविवार डेलनं बाबांना दुकानांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवलं. वळताना किती लांबून वळायचं, मागे घेताना स्टिअरिंग उलटं कसं फिरवायचं. आमच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक लहानसा खटका बसवला होता. तो दाबला की फक्त ट्रेलरची चाकं ब्रेक धरायची. "मागचं डोलायला लागलं तर तुझा पाय ब्रेककडे धावेल," डेल म्हणाला होता. "पायाचं ऐकू नकोस. हातानं हा दाब." सामान कसं भरावं याबद्दल तो काही बोलला नाही. त्याच्या ट्रेलरमध्ये दोन घडीच्या खुर्च्या, गळ आणि घेवड्याचे चार डबे असत. त्याला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षी मे महिन्यात आजोबा आले होते. बाबांचे वडील. बाबा आणि आई त्यांना अण्णा म्हणत. सोलापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. उसानं लादलेली बैलगाडी काट्यावर आली की ते वजन करत, नाव लिहीत आणि पावती देत. उंच, कोरडे, धोतर आणि पांढरी टोपी. चँडलरमध्ये त्यांचा वेळ जाईना. टीव्ही कळायचा नाही, रस्त्यावर चालणारं माणूस दिसायचं नाही. पण पहाटे पाच वाजता ते उठायचे आणि घरातली भांडी पाण्यानं भरायचे. मला अजून तो आवाज आठवतो: आधी रिकाम्या स्टीलवर खणखण, मग चढत चढत बारीक होत जाणारा सूर, मग झाकण. पातेली, डबे, बादल्या, आईची पुरणाची मोठी परातसुद्धा.

"अण्णा, इथं चोवीस तास पाणी असतं," आई म्हणायची.

"आज आहे," आजोबा म्हणायचे.

त्यांच्या गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. आम्ही ज्या गावात राहत होतो तेही वाळवंटच होतं, हे आम्ही विसरलो होतो. ते नव्हते विसरले.

आजोबांना अमेरिकेतली एकच गोष्ट बघायची होती. काट्याच्या ऑफिसात एका खतवाल्यानं दिलेलं कॅलेंडर होतं आणि त्याच्या एका पानावर ग्रँड कॅनियनचं चित्र होतं. वर्ष संपलं, तारखा फाटल्या, पण ते पान त्यांनी भिंतीवर ठेवलं. ऊसवाले विचारायचे, हे कुठलं? आजोबा सांगायचे, माझा मुलगा राहतो तिकडचं. बाबा तेव्हा अमेरिकेत नुकतेच आले होते आणि आजोबांच्या मनाविरुद्ध आले होते. या विषयावर ते दोघं माझ्यादेखत कधी बोलले नाहीत. बाबांनी मात्र ट्रेलर घेतला तो अण्णा येणार हे पक्कं झाल्यावर. उन्हाळा फार होता म्हणून जाणं लांबलं, मग बाबांच्या कामामुळे लांबलं, आणि ऑक्टोबर आला. आजोबांचं परतीचं विमान आठवड्यावर आलं. "पुन्हा एवढा प्रवास माझ्यानं व्हायचा नाही," ते आईला सहज म्हणाले, भाजी निवडता निवडता. बाबांनी त्याच दिवशी रजा टाकली.

मग मी यादी केली. पाच दिवस, चार माणसं, एकशे बारा वस्तू. कागदावर ट्रेलरचा आराखडा काढला आणि वस्तूला तिची जागा दिली. कपडे पलंगाखाली, कारण कपडे पलंगाजवळ हवेत. स्वयंपाकाचं सगळं मागे, कारण ओटा मागे. आईचं सामान बघण्यासारखं होतं: वीस पौंडांचा तांदूळ, तेवढीच कणीक, तूरडाळ, मूगडाळ, पोहे, रवा, दोन कुकर, लोखंडी कढई, बिडाचा तवा, पोळपाट, तेलाचा डबा, बटाटे, कांदे आणि दगडी खलबत्ता.

"खलबत्ता कशाला, यार?" बाबा म्हणाले.

"लसूण काय दातांनी ठेचू?" आई म्हणाली. "आणि वाटेत काय मिळणार आहे अण्णांना? तळलेले बटाटे?"

दर पेटी गॅरेजमधल्या काट्याला लागली. मी आकडे लिहिले आणि बेरीज केली. ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला किती सामान चालेल त्याचा आकडा चिकटवलेला होता. आमची बेरीज त्याच्या दीडशे पौंड आत आली. बाबांनी भुवई उचलली. आजही सांगते, त्या बेरजेत एका पौंडाची चूक नव्हती. पण विमानात बॅग चढवताना कोणी विचारत नाही की तांदूळ बॅगेच्या कुठल्या कोपऱ्यात आहे. आम्हाला वजन म्हणजे एक आकडा एवढंच ठाऊक होतं. वजनाला जागा असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

निघालो त्या सकाळी मी ट्रेलरच्या मागे बागेची नळी पडलेली पाहिली. आजोबा टोपी काखेत धरून मागच्या झाकणापाशी वाकले होते आणि आतला आवाज ऐकत होते. "भरत आलंय," ते म्हणाले. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय त्यांनी नळ बंद केला नाही. चाळीस गॅलनची ती टाकी मागच्या ओट्याच्या खाली होती. माझ्या यादीत ती नव्हती. पाणी हे सामान आहे असं माझ्या मनातच आलं नाही.

फिनिक्स मागे पडलं आणि रस्ता चढायला लागला. हात वर केलेली निवडुंगं दोन्ही बाजूंना, इंजिनाचा घोगरा आवाज आणि मागून येणारा आमच्या भांड्यांचा खडखडाट. आईनं पुढच्या सीटवरून धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी मागे दिली. मी आणि आजोबा मागे बसलो होतो. चढ संपला, निवडुंगं संपली, पिवळ्या गवताचं पठार लागलं. आजोबा पहिल्यांदाच खूश दिसले. "हे आपल्याकडच्यासारखं आहे," ते म्हणाले.

तिथं एक लहानसा उतार होता. अगदी साधा, सायकलनं हात सोडून उतरावा असा. डावीकडून एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि त्याच्या वाऱ्यानं आमची गाडी हलकी ढकलल्यासारखी झाली. मग परत खेचल्यासारखी. मला वाटलं, वाराच आहे. पण ट्रक निघून गेला आणि ते थांबलं नाही. मी मागे वळले. मागच्या काचेतून आमचं घर दिसत होतं: एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर वेळी आधीपेक्षा जास्त. गाडीचं बूड त्याच्याबरोबर सरकत होतं. आईच्या मांडीवरचा डबा खाली पडला आणि धपाटी पायाशी पसरली. बाबांनी ब्रेक दाबला. त्याबरोबर ट्रेलर इतका आडवा आला की मला त्याच्या बाजूचा तपकिरी पट्टा सबंध दिसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आजोबांचा हात माझ्या छातीवर आडवा आला होता, पट्ट्यासारखा. बाबांचा डावा हात स्टिअरिंगवर होता, आणि मी पाहिलं की उजवा हात खाली जातोय, तो खटका शोधतोय, सापडत नाहीये. मग सापडला. मागून कोणीतरी शेपूट धरून ओढावं तसा ट्रेलर मागे ताणला गेला. एक हेलकावा, त्याहून लहान दुसरा, मग तिसरा. आणि सरळ. सगळं मिळून किती वेळ गेला असेल? सात-आठ सेकंद. इतक्या वर्षांत मी त्या रस्त्यानं तीसेक वेळा तरी गेले असेन. तो उतार मला दर वेळी दाखवावा लागतो. बरोबरच्यांना तो उतार वाटतच नाही.

पुढच्याच फाट्यावर बाबा बाहेर पडले. एक पेट्रोल पंप होता, त्यामागे खडीचं मोठं मैदान आणि मेस्किटची काटेरी झुडपं. बाबांनी इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवरच ठेवले.

"ट्रेलर इथेच ठेवायचा," ते म्हणाले. "कोणालातरी बोलावू, ते ओढून नेतील. आपण घरी जाऊ."

"आणि कॅनियन?" आईनं विचारलं.

"पुढच्या वेळी, अण्णा."

पुढच्या वेळी हे शब्द गाडीत तसेच राहिले. बाबांनाच ते ऐकू आले असावेत, कारण ते दार उघडून पटकन उतरले. पुढे व्हर्डी खोऱ्यात उतरणारा मैलोन्‌मैलांचा उतार होता हे आम्ही नकाशात पाहिलं होतं. साध्या उतारानं ही गत केली, तर तिथे काय झालं असतं हा हिशोब चौघांनाही येत होता.

आजोबा उतरले, धोतर झटकलं आणि खडीतून चालत वीस-पंचवीस पावलं लांब गेले. तिथून वळून ट्रेलरकडे बघत उभे राहिले, एक डोळा बारीक करून. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच. काट्यावर गाडी आली की ते असेच बघत असणार, हे मला नंतर सुचलं.

"उलाळ झालीय," ते आले आणि म्हणाले.

"व्हॉट?" मी म्हणाले.

"बूड जड. बघ, नाक वर आणि शेपूट खाली. प्रकाश, सोड हे गाडीपासून."

"अण्णा, प्लीज. ही बैलगाडी नाहीये."

"दोन चाकं आहेत ना? मग काय आहे?"

बाबा वादाच्या स्थितीत नव्हते. त्यांनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, जॅक फिरवून ट्रेलरचं नाक गाडीमागच्या जोडणीच्या लोखंडी गोळ्यावरून वर घेतलं आणि गाडी हातभर पुढे घेतली. आता ते नाक फक्त जॅकच्या पायावर टेकलेलं होतं.

"उचल," आजोबा म्हणाले.

"चार हजार पौंडांच्या वर आहे हे, अण्णा."

"उचल म्हणतो. मुक्ते, तूपण धर."

मी बाबांच्या समोर उभी राहिले, लोखंडाला हात घातला आणि दोघांनी जोर लावला. जॅकचा पाय खडीवरून दोन बोटं वर आला. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहत होते आणि मला ते खरं वाटत नव्हतं. पलंग, टेबल, ओटा, एकशे बारा वस्तू असलेलं ते घर एका चौदा वर्षांच्या मुलीच्या आणि तिच्या बापाच्या हातात तरंगत होतं. शाळेत तरफ शिकले होते, आकृती काढून दहापैकी दहा मिळवले होते. तरफ म्हणजे हे, हे मला त्या क्षणी कळलं. एवढं प्रचंड काहीतरी इतक्या थोड्यावर डोलतं आणि त्याचाच भरवसा धरून माणसं महामार्गावर निघतात.

"ठेवा खाली," आजोबा म्हणाले. "बैलाच्या मानेवर थोडं ओझं पाहिजे. मान हलकी झाली की मग बैल गाडी ओढत नाही, गाडी बैलाला हाकते. आमच्या काट्यावर कोवळी पोरं अशी गाडी भरून आणायची. वजन बरोबर, भरण चूक. मी परत पाठवायचो." मग त्यांनी विचारलं, "हे लावलं कुणी?"

माझ्या हातात यादीची फाइल होती. मी ती पाठीमागे नेली.

"मी लावलं, अण्णा," बाबा म्हणाले.

"नो, आय मेड द लिस्ट," मी म्हणाले आणि रडायला लागले.

आजोबांनी वाकून ट्रेलरच्या मागच्या झाकणावर बोटानं टकटक केलं. भरीव आवाज आला. मग ते सरळ झाले.

"पाणी मी भरलं," ते म्हणाले.

"आणि खलबत्ता माझा," आई म्हणाली. "झाली सगळ्यांची नावं लिहून? आता काय काढायचं ते सांगा. इथे ऊन आहे."

मी नाक पुसलं आणि गुणाकार केला. चाळीस गॅलन, दर गॅलनला आठ पौंडांहून थोडं जास्त. तीनशे तीस पौंड पाणी, पार शेपटाला. जवळजवळ पाच बॅगा, आणि यादीत एकही नाही. पाणी सोडायचं तर खाली एक लहान तोटी होती, ती फिरवली की झालं. बाबांनी हात घातला तेव्हा आजोबा म्हणाले, "थांब."

ते आजूबाजूला बघत होते. पंपाच्या पलीकडे घोड्यांचा ट्रेलर उभा होता आणि पांढऱ्या वेणीच्या एक बाई बादली घेऊन भिंतीवरच्या नळापाशी गेल्या होत्या. नळाची चावीच काढून नेलेली होती. त्या परत निघाल्या तशी आजोबा त्यांच्या वाटेत जाऊन उभे राहिले, धोतर, टोपी आणि सगळं.

"वॉटर," ते म्हणाले. "गुड वॉटर. कम."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं. "चाळीस गॅलन?" त्या म्हणाल्या. "हनी, तुम्ही कॅनियनला चाललायत की मंगळावर?" पण त्या आल्या, आणि त्यांच्या दोन बादल्या, आमची एक, अशी रांग लागली. मी याआधी घोड्याला पाणी पिताना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ओठ टेकवून तो नुसता ओढत जातो, घुट्‌घुट् असा खोल आवाज गळ्यातून खाली उतरत जातो, कान त्या घोटांबरोबर हलतात आणि बादली बघता बघता रिकामी होते. आजोबा दर बादलीला मागे जाऊन स्वतः तोटी फिरवत, भरली की बंद करत. थेंब सांडला नाही. बाईंनी त्यांचे कॅनही भरून घेतले. जाताना त्यांनी आजोबांशी हस्तांदोलन केलं. आजोबांनी दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला.

तरी निम्मी टाकी शिल्लक होती. आता घेणारं कोणी नव्हतं. आजोबांनी टाचेनं खडी बाजूला सारून एक चरी केली, ट्रेलरखालून मेस्किटच्या झुडपांपर्यंत, शेतातल्या पाटासारखी. मग तोटी उघडली आणि उकिडवे बसले. पाणी त्या चरीतून चमकत गेलं आणि तांबडी माती ते पीत गेली. आजोबांनी ओंजळभर घेऊन तोंडावर मारलं. ज्या माणसानं सत्तर वर्षं पाणी फक्त साठवलं होतं, त्याच्यासमोर ते वाहून चाललं होतं आणि सोडणारा हात त्याचाच होता. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. धार बारीक होऊन तुटेपर्यंत आई आणि मीसुद्धा जागच्या हललो नाही.

मग मात्र दोन तास कोणाला उसंत नव्हती. आईनं चटई अंथरली आणि मागचं सगळं बाहेर आलं. तांदूळ, कणीक, कुकर, कढई खडीच्या मैदानात मांडून ठेवलेले. पेट्रोल भरायला आलेली माणसं गाड्या हळू करून बघत होती. आजोबा मधे उभे राहून ओरडत होते, "चाकाच्या पुढं! जडातलं जड चाकाच्या पुढं, हलकं मागं!" तांदळाचं पोतं पलंगाखाली गेलं आणि माझे कपडे ओट्याखाली आले. खलबत्ता पार नाकाशी बसला. मी जुन्या यादीवर उभी रेघ मारून नवा रकाना केला: चाकाच्या पुढे की मागे. आज आमच्या मराठी मंडळाच्या कॅम्पिंगवाल्या कुटुंबांना मी जी यादी पाठवते तिच्यात हा रकाना पहिला असतो. वस्तूचं नाव त्यानंतर. मला धुरेचं, म्हणजे ट्रेलरच्या नाकावर येणारं, वजन मोजायचं छोटं यंत्र मिळालंय आणि मी ते दर प्रवासाआधी लावते. लोक हसतात, मी लावते.

शेवटी बाबांनी आणि मी परत लोखंडाला हात घातला. आई पण आली. तिघांनी जोर लावला. हलेना.

"आता जरा धुरजड झालीय," आजोबा म्हणाले. "असू दे. उतारावर बरी."

"मग जायचं?" आईनं विचारलं. तिनं आजोबांना विचारलं होतं, पण आजोबांनी बाबांकडे पाहिलं.

"मी म्हणतो म्हणून नको. हाकणारा तू. तुझ्या हाताला पटलं तर चल, नाहीतर घरी जाऊ. मला वाईट वाटणार नाही."

वाटलं असतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाबा ट्रेलरभोवती दोनदा फिरले. ठोकळे, साखळ्या, दिवे, टायर. मी यादी वाचत गेले आणि ते हात लावून हो म्हणत गेले. मग ते म्हणाले, "बसा."

व्हर्डी खोऱ्याचा उतार सुरू होतो तिथे जमीनच संपल्यासारखी वाटते. खाली अख्खं खोरं उघडतं, मैलांमागून मैल, आणि पलीकडच्या कडेला लाल डोंगर उभे असतात. रस्ता त्याच्या पोटात वळत वळत पडत जातो. बाबांनी गिअर खाली घेतला. इंजिन गुरगुरत होतं. एक ट्रक आला, आम्हाला ओलांडून गेला, वाऱ्याचा धक्का बसला. मी मागे वळले. ट्रेलर एकदा अंग चोरल्यासारखा हलला आणि परत आमच्या मागोमाग आला. काचेत तो शेवटपर्यंत मधोमध राहिला. दुसरा ट्रक, तिसरा ट्रक. मी खोऱ्याकडे बघायचंच विसरले. माझी नजर मागे होती. तोच ट्रेलर, तेच तांदूळ, तीच कढई, फक्त काही हात पुढे सरकवलेली. तेवढ्यानं एका राक्षसाचं वासरू झालं होतं. मी नंतर पुष्कळ मोठमोठ्या गोष्टी पाहिल्या, पण इतका आदर मला फार थोड्यांबद्दल वाटला. तळाशी पोचल्यावर बाबांनी श्वास सोडला तो मागच्या सीटवर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॅनियनच्या कडेला गेलो. झाडांमधून पायवाट होती. काही दिसत नव्हतं, आणि मग एकदम पुढे काहीच नव्हतं. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना नको आणि बाकीच्यांना माझ्याच्यानं ते पोचवता येणार नाही. ऊन नुकतंच खाली उतरायला लागलं होतं आणि एकेका पायरीचा रंग जागा होत होता. शेजारी माणसं फोटो काढत होती, एकमेकांना हाका मारत होती. आजोबा कठड्यापर्यंत गेले नाहीत. दहा पावलं अलीकडेच थांबले. मग वाकून त्यांनी चपला काढल्या, जोडीनं एका दगडाशी ठेवल्या आणि अनवाणी पुढे गेले.

बाबांनी ते पाहिलं. माझे बाबा देवळात जायचे ते आईनं धाडलं म्हणून. त्यांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि आजोबांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आजोबांनी मान न वळवता त्यांचं मनगट धरलं.

"आणलंस रे," ते म्हणाले.

मग आईनं काढले, मग मी. रात्रीच्या थंडीनं दगड बर्फासारखा झाला होता आणि गारवा तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढत होता. आम्ही चौघं तिथे किती वेळ उभे होतो हे मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही. बोटं बधिर झाली, तरी बूट आधी कोणी घालेना.